वायरची रात्रपाळी: घरच्या कार-चार्जरचं वायरिंग समजून घेताना

मागच्या एप्रिलमध्ये एका रात्री आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमधून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. वॉचमनने आधी मेन स्विच पाडला आणि मग मला उठवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची नवी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावलेली होती. गाडीसोबत मिळालेला पोर्टेबल चार्जर त्यांनी भिंतीवरच्या १६ अ‍ॅम्पिअरच्या साध्या सॉकेटमध्ये खुपसला होता. सॉकेटचं एक भोक काळंठिक्कर पडलं होतं, भोवतालचं प्लास्टिक मऊ होऊन खाली ओघळलं होतं. काका पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "अरे, याच सॉकेटवर आपण इतकी वर्षं गाड्या धुवायचा पंप लावतोय. कधी काही झालं नाही."

काकांचं म्हणणं खरंच होतं. पंप दहा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गीझर वीस मिनिटांत पाणी तापवून थांबतो. घरातलं बहुतेक वायरिंग अशा थोडा वेळ काम करून विसावा घेणाऱ्या उपकरणांच्या हिशेबाने केलेलं असतं. कार रात्री दहाला लावली की सकाळी सहापर्यंत सलग, एकाच जोमाने वीज ओढते. वायरला, सॉकेटला, स्क्रूखालच्या जोडाला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

ही उसंत किती महत्त्वाची असते ते आकड्यात पाहू. पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॉट घेतो. २३० व्होल्टला हा करंट सव्वाचौदा अ‍ॅम्पिअरच्या आसपास येतो. समजा, सॉकेटमधली पितळी पट्टी जुनी होऊन सैल पडली आहे आणि पिन नि पट्टी यांच्यातला रोध फक्त ०.१ ओहम आहे. करंटचा वर्ग गुणिले रोध, हा ज्यूलचा शाळेतला नियम लावला तर त्या एका ठिपक्यावर सुमारे २० वॉट उष्णता तयार होते. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे बंद डब्यात जवळपास तसंच एक आयर्न आठ तास चालू ठेवल्यासारखं झालं. त्याच सैल जोडावर २ किलोवॉटचा गीझर लावला तर साडेसात वॉटच उष्णता होते, तीही वीस मिनिटं. म्हणून "आजवर काही झालं नाही" हा पुरावा कार-चार्जिंगच्या बाबतीत चालत नाही.

आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे कायम डोक्यात ठेवायचं. मोठा, ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेतो. करंट सव्वादोन पट, पण उष्णता पाचपट. त्याच सैल जोडावर १०० वॉट.

भिंतीवरची पेटी म्हणजे चार्जर नव्हे

लोक चार्जर कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर महिनाभर खल करतात आणि वायरिंग मात्र "तो वायरमन बघून घेईल" म्हणून सोडून देतात. मला हे उलट वाटतं. घरी भिंतीवर बसवतात ती पेटी बॅटरी चार्ज करत नाही. ती एक शहाणा स्विच आहे. एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज घेऊन तिची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. पेटी आणि गाडी यांच्यात एका बारीक तारेवरून बोलणं चालतं. पेटी सेकंदाला हजार स्पंदनांचा एक संकेत पाठवते आणि त्या स्पंदनांच्या रुंदीवरून गाडीला सांगते की, "तू इथून जास्तीत जास्त इतके अ‍ॅम्पिअर घेऊ शकतेस." गाडी तयार आहे असं उत्तर आल्याशिवाय पेटी प्लगमध्ये वीजच सोडत नाही. म्हणून प्लग लावता-काढताना ठिणगी उडत नाही.

यातून दोन उपयोगाच्या गोष्टी कळतात. पहिली, गाडीच्या पोटातला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॉटची पेटी लावूनही वेग तेवढाच राहणार. दुसरी, पेटीला कमी करंट सांगायला लावता येतो. बहुतेक पेट्यांमध्ये आतल्या छोट्या स्विचने किंवा अ‍ॅपवरून १६ किंवा २४ अ‍ॅम्पिअरची मर्यादा घालता येते. ज्यांच्या घराला मंजूर झालेला वीजभार कमी आहे त्यांच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे.

कारण गरज आपण समजतो त्यापेक्षा कमी असते. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाऊन यायचं म्हटलं तरी ३५-४० किलोमीटर होतात. एका युनिटला सात किलोमीटर धरले तर दिवसाला सहा युनिटं लागतात. ३.३ किलोवॉटने ती दोन तासांत भरतात. मोठ्या पेटीची खरी गरज ४०-५० युनिटांच्या बॅटरीची गाडी सतत रिकामी करून आणणाऱ्याला.

मीटरपाशी थांबून विचार करायचा

महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो. तिथला आकडा आधी वाचा. तो ४ किंवा ५ किलोवॉट असेल आणि घरात दोन एसी, गीझर, इंडक्शन असेल, तर त्यावर ७.२ किलोवॉट चढवणं म्हणजे भार वाढवून घ्यायलाच हवा. मीटरची पाटीही वाचा. पुष्कळ सिंगल फेज मीटरवर ५-३० अ‍ॅम्पिअर असं छापलेलं असतं. एकटा चार्जरच ३२ मागणार असेल तर घरातला पंखा लावायलाही जागा उरत नाही. मग मोठं मीटर किंवा थ्री फेज (वीज आणणाऱ्या एकीऐवजी तीन तारांची) जोडणी. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. हा कागद नुसता सही-शिक्क्याचा उपचार मानू नका. इन्सुलेशन आणि अर्थिंग त्याने खरोखर मीटर लावून मोजलं का, ते शेजारी उभं राहून बघा.

थ्री फेज घेतलं तरी एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या सिंगल फेजवरच चार्ज होतात, म्हणजे तिन्ही फेज आले तरी गाडीचा सगळा भार एकाच फेजवर जातो. त्या फेजवर घरातला एसी नि गीझर ठेवायचा नाही, हे वायरमनला सांगावं लागतं. काही नव्या गाड्या तिन्ही फेजवर ११ किलोवॉटने चार्ज होतात. त्यात प्रत्येक तारेत फक्त १६ अ‍ॅम्पिअर वाहतो, म्हणजे तारेला त्रास कमी.

घरी चार्जिंग करायला वेगळी परवानगी लागते का, असं बरेच जण विचारतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवरूनच गाडी चार्ज करायला मुभा दिली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा दिली. घरच्याच मीटरवर चार्ज केलं तर एक हिशेब मात्र करून ठेवा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेच्या आसपास युनिटं वाढतात, आणि घरगुती बिल टप्प्याटप्प्याने महाग होत जातं. १०० च्या आत असलेलं घर पुढच्या टप्प्यात जातं, ३०० च्या काठावरचं त्याच्याही पुढे. ही वाढीव युनिटं वरच्या दराने मोजायची.

चार्जरची लाइन फ्लॅटमधल्या डीबीवरून (खोल्यांना वीज वाटून देणाऱ्या डब्यावरून) खाली उतरवू नका. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर तळमजल्यावरच असतात. मीटरमधून बाहेर येणाऱ्या तारेवर तिथेच वेगळा डबा बसवून, त्यात वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) देऊन सरळ पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल न्यायची. वर जाऊन खाली येण्यात केबल दुप्पट लागते आणि फ्लॅटकडे जाणाऱ्या जुन्या तारेवर भार पडतो. मीटर आणि त्याचं सील महावितरणचं. त्याला वायरमनने हात लावायचा नाही, सील तोडायचं काम पडलं तर आधी कार्यालयाला कळवायचं.

वायर किती जाड

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन "चार्जरसाठी वायर द्या" म्हटलं की दुकानदार विचारतो, "चारची देऊ की सहाची?" हे आकडे तांब्याच्या काटछेदाचे, चौरस मिलिमीटरमध्ये. तारेने किती करंट वाहून न्यायचा याचे तक्ते असतात. भिंतीवरच्या पाइपातून जाणाऱ्या पीव्हीसी वायरची क्षमता साधारण अशी: चारची ३२ अ‍ॅम्पिअर, सहाची ४१, दहाची ५७. हे बघून वाटतं की ३२ अ‍ॅम्पिअरला चारची पुरली, सहाची तर भरपूर झाली. पण तक्ता ३० अंश तापमानाचा आहे. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि ४० अंशांना पीव्हीसी वायरची क्षमता १३ टक्क्यांनी घटते. चारची २८ वर येते, सहाची ३५-३६ वर, दहाची ४९ वर.

आता एमसीबी बघू. ३२ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी ३२ अ‍ॅम्पिअरवर तासन् तास चालवला, आणि तोही उन्हाने तापलेल्या डब्यात, तर तो मध्यरात्री विनाकारण पडतो. म्हणून अशा चार्जरला ४० चा एमसीबी देतात. पण एमसीबी असतो तारेच्या रक्षणासाठी. तार ३५ ची आणि एमसीबी ४० चा, म्हणजे तार जास्त तापत राहील आणि एमसीबी शांत बसेल. क्रम नेहमी असा हवा: गाडीच्या करंटपेक्षा एमसीबी मोठा, एमसीबीपेक्षा तारेची क्षमता मोठी. या हिशेबाने ७.२ किलोवॉटच्या चार्जरला पाइपातून दहाची तांब्याची वायर हे माझं ठाम मत आहे. "सहाची चालते हो, सगळीकडे तीच टाकतो," असं वायरमन म्हणेल. थंडीत चालतेही. ३.३ किलोवॉटच्या साध्या पॉइंटला १६ चा एमसीबी आणि चारची वायर पुरते.

अंतराचंही गणित आहे. मीटर खोलीपासून पार्किंगची जागा ४० मीटर असेल, तर जाऊन येऊन ८० मीटर तार झाली. ३२ अ‍ॅम्पिअरला चारच्या वायरमध्ये पावणेतेरा व्होल्ट गळतात, सहाच्यात साडेआठ, दहाच्यात पाच. उन्हाळ्यात संध्याकाळी एसी सुरू झाल्यावर व्होल्टेज आधीच खाली आलेलं असतं, त्यातून आणखी बारा-तेरा गेले की गाडी करंट कमी करते किंवा चार्जिंग थांबवते. जाड वायरने बिल वाचतं असं मात्र कुणाला सांगू नका. सहाऐवजी दहाची घातली तर वर्षाला तीस-बत्तीस युनिटं वाचतील, फार नाही. जाड वायर घ्यायची ती गार राहावी म्हणून.

तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल वापरली तर तीही चालते, पण एक माप जाड घ्यावी लागते, दहाऐवजी सोळा. तिची टोकं तांब्याच्या पट्टीला थेट जोडायची नाहीत. अ‍ॅल्युमिनियमवर गंजाचा थर लगेच चढतो आणि जोड तापतो. त्यासाठी दोन धातूंचे खास लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) मिळतात. लग कुठलाही असो, तो क्रिंपिंगच्या पकडीने दाबलेला हवा, साध्या पकडीने ठेचलेला नको.

अर्थिंग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

नवी पेटी बसवली, वीज सोडली आणि लाल दिवा लागला, असं झालं तर दहापैकी आठ वेळा पेटी चांगली असते आणि अर्थिंग वाईट असतं. पेटी अर्थ तपासते आणि तो नसेल तर गाडीला वीज देत नाही. मग काही जण न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र जोडून दिवा हिरवा करून देतात. हे करू देऊ नका. उद्या न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीचा सगळा पत्रा फेजवर येईल, म्हणजे त्यात वीज उतरेल, आणि पावसात भिजलेल्या हाताने कुणीतरी दार उघडेल.

चांगलं अर्थिंग म्हणजे काय हे समजायला पुण्याची जमीन समजून घ्यावी लागते. वर थोडी माती, मग मुरूम, मग बेसॉल्टचा काळा पाषाण. पाषाण वीज जवळजवळ वाहत नाही, मुरूम ओला असेल तरच बरा वाहतो. म्हणून जूनमध्ये ३ ओहम दाखवणारा अर्थिंगचा खड्डा मेमध्ये कोरडा पडून बराच वर चढतो. अर्थिंग उन्हाळ्यात मोजावं. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर त्यात पाणी सोडायचा पाइप असतो, तो बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला सापडतो.

समजा अर्थिंग चांगलं, ५ ओहमचं आहे, आणि चार्जरमध्ये बिघाड होऊन फेज गाडीच्या पत्र्याला लागला. करंट किती वाहील? २३० भागिले ५, म्हणजे ४६ अ‍ॅम्पिअर. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोधही मध्ये येतो, त्यामुळे याहून कमीच. आणि ४० चा एमसीबी ४६ अ‍ॅम्पिअरला तासाभरातही पडेलच याची खात्री नाही. तो झटक्यात पडायला दोनशे ते चारशे अ‍ॅम्पिअर लागतात. तोवर गाडीचा पत्रा जिवंत. इमारतीपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत सलग अर्थिंगची पट्टी असेल तर करंट खूप मोठा होऊन एमसीबी पडतो, पण ती पट्टी सगळीकडे शाबूत आहे यावर जीव टांगायचा नाही.

म्हणून आरसीसीबी, म्हणजे वीज भलतीकडे गळली की लाइन तोडणारा स्विच. त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर कड्याला काही जाणवत नाही. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज माणसाच्या अंगातून किंवा जमिनीतून भलतीकडे निघाली, की तो एक तृतीयांश सेकंदाच्या आत लाइन तोडतो. चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवेत. आरसीसीबी जास्त भाराने पडत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळा लागतोच. दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओही मिळतो.

दुकानात स्वस्तात मिळणारा आरसीसीबी बहुधा एसी प्रकारचा असतो. तो कारसाठी घेऊ नका. गाडीच्या आत डीसी तयार होते, आणि बिघाडात ती डीसी मागे गळली की लोखंडी कडं तिच्याने भारून जातं. मग खरी गळती झाली तरी आरसीसीबीला कळत नाही, आणि चाचणीचं बटण आपण डीसी गळत नसताना दाबतो, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही. पेटीत ६ मिलिअ‍ॅम्पिअर डीसी ओळखण्याची सोय असेल, आणि ती माहितीपत्रकात लिहिलेली असते, तर बाहेर ए प्रकारचा आरसीसीबी पुरतो. नसेल तर बी प्रकारचा. तो महाग आहे, म्हणून पेटी घेतानाच हे विचारून घ्या.

जागा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गाडीच्या सॉकेटची उंची जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर सांगितली आहे, गाडीचं चार्जिंगचं तोंड चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत हवं असं म्हटलं आहे, आणि एक्स्टेन्शनची वायर वापरायला मनाई आहे. ८०० मिलिमीटर ही खालची मर्यादा झाली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. नदीकाठी, ओढ्याकाठी किंवा बेसमेंटमध्ये राहत असाल तर पेटी दीड मीटरवर लावा, आणि लाइन तोडायचा स्विच पेटीशेजारी न ठेवता मीटर खोलीत ठेवा, म्हणजे पाण्यात न उतरता तो पाडता येईल.

सोसायटीशी बोलताना एकट्या आपल्या गाडीचं बोलू नका. आज एक चार्जर आहे, पाच वर्षांनी चाळीस होतील. चाळीस गुणिले ७.२ म्हणजे २८८ किलोवॉट, आणि इमारतीचा ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीएचा (साधारण तेवढ्याच किलोवॉटचा) असेल तर तो फक्त गाड्यांनीच भरला. सगळे एकदम लावत नाहीत हे खरं, पण रात्री अकराला बरेच जण लावतात. म्हणून पहिल्यानेच केबलसाठी रुंद ट्रे टाकून घ्यावी, नंतरच्यांनी आपापली केबल त्यातून न्यावी. दहा जणांनी दहा दिशांनी पाइप ठोकले की पार्किंगचं छत आणि सभासदांची मनं, दोन्ही बिघडतात.

काकांकडे आम्ही काम गुरुवारी ठेवलं, कारण त्या दिवशी देखभालीसाठी आमच्या भागातली वीज तशीही बंद होती. मीटर ५-३० चं होतं, म्हणून भार वाढवायचा अर्ज मंजूर होईपर्यंत पेटी १६ अ‍ॅम्पिअरवर बांधून ठेवली. केबल दहाची, अंतर ३२ मीटर, एमसीबी ४०, आरसीसीबी ए प्रकारचा. जुना खड्डा ११ ओहम दाखवत होता, शेजारी नवा दांडा ठोकून दोन्ही जोडले तेव्हा ४ वर आला. पहिल्या रात्री तासभर चार्जिंग झाल्यावर वायरमनने डबा उघडून प्रत्येक स्क्रूचं तापमान मोजलं. न्यूट्रलचा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा १४ अंशांनी गरम निघाला. लाइन बंद करून तो पुन्हा आवळला. महिन्याने सगळे स्क्रू परत आवळले, तेव्हा आणखी दोन अर्ध्या फेऱ्याने सैल झालेले सापडले. तांबं तापून-निवून थोडं दबतं, तसे ते होतातच. काकांनी आता फोनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारची आठवण लावली आहे: गाडी काढायची, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबायचं, लाइन पडते का बघायचं.